मार्की की हंड्रेड क्लब? ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा जुना घोळ

सोलापुरात रॉक ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण सात रस्त्याला चहाच्या गाडीवर त्यांचे वाद ऐकावेत. त्यात हमखास कुणीतरी ठोकून देतो, ‘रोलिंग स्टोन्सचा पहिला कार्यक्रम हंड्रेड क्लबात झाला, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर.’ स्टोन्स म्हणजे इंग्लंडचा गाजलेला रॉक बँड. रस्ता बरोबर, क्लब चुकला. १२ जुलै १९६२ ला ते पहिल्यांदा वाजले ते मार्की क्लबात.

घोळ होणं साहजिक आहे म्हणा. दोन्ही क्लब लंडनचे, दोन्ही तळघरातले, दोन्हींची सुरुवात जॅझने. मार्की १६५ नंबरला, हंड्रेड १०० नंबरला, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. वर स्टोन्सनी १९८६ च्या फेब्रुवारीत हंड्रेड क्लबातही वाजवलं, त्यांचा पियानोवाला इयन स्टुअर्ट वारला त्याच्या आठवणीत. आणि हा स्टुअर्ट ६२ सालच्या त्या मार्कीतल्या रात्रीही त्यांच्यासोबत होता!

खरा फरक वेगळाच आहे. मार्कीचं नाव टिकलं, जागा हलत राहिली; हंड्रेडची जागा टिकली, नावं बदलत गेली. नव्या पेठेतलं एखादं दुकान तीच पाटी घेऊन आधी विजापूर रोडला, मग होटगी रोडला जावं, तसा मार्की.

हॅरल्ड पेंडल्टन हा पेशाने हिशेबनीस आणि जॅझवेडा माणूस. मार्की त्याने १९५८ मध्ये एका सिनेमागृहाच्या तळघरात सुरू केला. गुरुवारी तिथे अलेक्सिस कॉर्नरचा ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) वाजवणारा बँड असायचा. एका गुरुवारी त्याला बीबीसी रेडिओचं बोलावणं आलं, आणि त्या रिकाम्या जागी स्टोन्सची वर्णी लागली. पण गंमत अशी की लोक ज्याला ‘मार्की’ म्हणून उसासे टाकतात, ती ही जागा नव्हेच. १९६४ च्या मार्चमध्ये क्लब लंडनच्याच सोहो भागात ९० वॉर्डर स्ट्रीटला गेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून तिथे दर मंगळवारी ‘द हू’ हा रॉक बँड वाजवू लागला. १९६७ मध्ये गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सही तिथेच वाजला. १९८८ मध्ये वॉर्डर स्ट्रीटही सुटलं. पुढे चेरिंग क्रॉस रोड आणि मग आणखी काही पत्ते झाले, पण माझ्या मते ती नुसती पाटीची फिरवाफिरवी.

हंड्रेडची गोष्ट त्याहून जुनी. २४ ऑक्टोबर १९४२, महायुद्ध ऐन भरात, आणि एका रेस्टॉरंटच्या तळघरात फेल्डमन स्विंग क्लब सुरू झाला. वर बॉम्बची धास्ती, खाली अमेरिकन सैनिक नाचतायत. पुढे ट्रम्पेटवादक हम्फ्री लिटल्टनच्या नावाने तो ओळखला गेला, आणि १९६४ मध्ये, म्हणजे मार्की रस्ता सोडून गेला त्याच वर्षी, घरनंबरच नाव झालं.

रॉकच्या इतिहासात मात्र हंड्रेडचं नाव कोरलं गेलं ते पंक या रांगड्या, बंडखोर रॉकमुळे. २० आणि २१ सप्टेंबर १९७६ असे दोन दिवस सेक्स पिस्टल्स, क्लॅश, डॅम्ड, बझकॉक्स अशा बँडांची रांगच तिथे लागली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ग्लास भिरकावला, काचेने एका मुलीचा डोळा गेला. त्यानंतर काही काळ क्लबाने पंकला दारच बंद केलं. पिस्टल्स त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मार्कीतही वाजले होते, म्हणजे तिथेही घोळाला जागा आहेच. पण पंक म्हटलं की हंड्रेड, आणि साठच्या दशकातला ब्लूज-रॉक म्हटलं की मार्की, एवढं धरून चाललात तर फारसं चुकणार नाही.

२०१० मध्ये हंड्रेड बंद पडायच्या बेतात होता. तेव्हा पॉल मॅकार्टनी तिथे येऊन वाजवून गेला. पुढे एका बूट कंपनीचं प्रायोजकत्व मिळालं, आणि क्लब वाचला.

लेकाकडे किंवा लेकीकडे लंडनला निघाला असाल, तर हंड्रेडचं तिकीट आधीच काढा. जागा जेमतेम साडेतीनशे माणसांची. मार्कीचं तिकीट आता कुणी देणार नाही; ९० वॉर्डर स्ट्रीटला ‘द हू’चा ड्रमवादक कीथ मून याच्या नावाची निळी पाटी आहे, ती फुकटात बघता येते.