यवतेश्वरचा उतार, जिममधला बार आणि मधले दिवस

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा मार्ग सांगायला सोपा आहे. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर पुढे जाऊन वळायचं आणि आल्या वाटेने खाली यायचं. अंतर 21.1 किलोमीटर. 2012 पासून ही शर्यत होते आहे आणि तिची तयारी करणारे बहुतेक जण धास्ती घेतात ती चढाची. पुण्याचे लोक सिंहगडाचा रस्ता गाठतात, मुंबईचे उड्डाणपूल आणि पेडर रोडचा चढ शोधतात. चढावर दम लागतो हे खरंच. पण पाय जातात ते उतारावर. शर्यतीनंतर दोन दिवसांनी एखादा धावणारा रेल्वेच्या पुलावरून उतरताना बघा. कठडा घट्ट धरलेला, अंग तिरकं केलेलं, एका पायरीवर दोन्ही पाय टेकल्याशिवाय पुढची पायरी नाही. तोच माणूस पूल चढताना मात्र जवळपास नेहमीसारखा चढतो.

हा फरक कशामुळे पडतो ते नीट समजून घेतलं, तर जिम, धावणं आणि विश्रांती यांचं गणित बरंचसं सुटतं.

चढताना मांडीचा पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, आखडतो आणि शरीराला वर ढकलतो. उतरताना पाऊल टेकलं की गुडघा वाकतो, वजन खाली येऊ पाहतं आणि तोच स्नायू ते वजन पेलत पेलत लांब होत जातो. म्हणजे आखडण्याचा जोर चालू असतानाच तो ताणला जातो. शरीरशास्त्रात याला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. त्याला ऑक्सिजन कमी लागतो, त्यामुळे घड्याळात नाडीचे ठोके खाली आलेले दिसतात आणि आपण आरामात पळतोय असं वाटतं. पण या कामाला तुलनेने थोडे स्नायूतंतू लागतात, म्हणून त्यातल्या प्रत्येकावर ताण जास्त येतो. तंतूच्या आतली सूक्ष्म एककं, सार्कोमिअर, काही ठिकाणी प्रमाणाबाहेर खेचली जातात. पेशीचं आवरण दुखावतं, कॅल्शियम नको तिथे शिरतं, दाह सुरू होतो. पाय आंबतात ते दुसऱ्या दिवशी, आणि ठणका शिखरावर पोहोचतो तो 24 ते 72 तासांच्या दरम्यान.

याचं खापर अजूनही लॅक्टिक आम्लावर फोडलं जातं. 1983 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काही लोकांना ट्रेडमिलवर 45 मिनिटं पळवलं, एकदा सपाटीवर आणि एकदा 10 टक्के उतारावर. सपाटीवर रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे याच आम्लाचं रक्तातलं रूप, वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही आणि पाय मात्र चांगलेच दुखले. वाढलेलं लॅक्टेट तसंही तासाभरात पूर्वपदावर येतं. मंगळवारी दुखणाऱ्या मांडीत रविवारचं आम्ल साचलेलं नसतं. तिथे दुरुस्ती चालू असते.

आणि ही दुरुस्ती नुसती डागडुजी नसते. एकदा उतार सोसलेला स्नायू पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला कितीतरी कमी दुखावतो. ही तयारी काही आठवडे टिकते, कधी महिनोन्‌महिने. शर्यतीच्या तयारीत इतक्या स्वस्तात मिळणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. म्हणूनच साताऱ्याला जाणाऱ्याने आधी दोन-तीनदा तरी खरा उतार पळावा, आणि जिममध्ये स्क्वॉट (वजन घेऊन उठबस) किंवा लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) करताना खाली जाण्याचा भाग तीन-चार सेकंद घेऊन, सावकाश करावा. बऱ्याच जणांचं सगळं लक्ष वजन वर उचलण्याकडे असतं. घाट उतरताना कामी येतं ते वजन खाली नेणं.

अडचण अशी की जिमही तोच स्नायू दुखावते. मंगळवारी पायांचा व्यायाम झाला की गुरुवारचं धावणं जड जातं, ते रखडलं की रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, बिघडतो. मग एकतर जिम सुटते, नाहीतर माणूस दुखऱ्या पायांनी सगळंच अर्धवट करत राहतो. या ओढाताणीचा पहिला गाजलेला अभ्यास रॉबर्ट हिक्सन यांचा. हिक्सन यांना वजनं उचलण्याची आवड. सेंट लुईसमध्ये जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत ते काम करायला आले. दमसासाच्या व्यायामाने स्नायूंमधली मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशींमधली ऊर्जाकेंद्रं, वाढतात हे होलोझींनी 1967 मध्ये उंदरांवर दाखवून दिलं होतं आणि ते स्वतः नियमित पळायचे. हिक्सन त्यांच्याबरोबर पळू लागले आणि वजनांचा व्यायाम चालू असूनही त्यांचे स्नायू उतरू लागले. हे असं का होतं, याचा त्यांनी पुढे शिकागोत रीतसर प्रयोग केला. एका गटाने आठवड्यातून पाच दिवस वजनं उचलली, दुसऱ्याने सहा दिवस सायकल आणि धावणं केलं, तिसऱ्याने दोन्ही. दहा आठवडे. निष्कर्ष 1980 मध्ये छापले गेले. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सहा-सात आठवडे नुसती वजनं उचलणाऱ्यांसारखीच वाढली, मग थबकली आणि शेवटी शेवटी घसरली.

‘जिम आणि धावणं एकत्र नको’ असं सांगताना याच प्रयोगाचा दाखला देतात, पण अर्धाच. दोन्ही करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता नुसतं पळणाऱ्यांइतकीच वाढली होती. तोटा झाला तो ताकदीचा, दमाचा नव्हे. शिवाय आठवड्यात अकरा सत्रं म्हणजे सावरायला जागाच नाही.

पेशींच्या पातळीवर काय चालतं याचं चित्र नंतर स्पष्ट होत गेलं. लांब पळताना पेशीतली ऊर्जा खालावते आणि एएमपीके नावाचं विकर जागं होतं. ते इंधन वाचवायला लावतं, मायटोकाँड्रिया वाढवण्याचा निरोप देतं आणि नवी बांधणी तात्पुरती थांबवतं. जड वजन उचललं की एमटॉर हे प्रथिन नव्या बांधणीला चालना देतं. एएमपीकेचा जोर काही तासांत ओसरतो, एमटॉरचा मात्र बराच वेळ, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. म्हणून दोन्ही एकाच दिवशी असेल तर सकाळी धावणं, मध्ये पोटभर जेवण आणि किमान सहा तास, मग संध्याकाळी वजनं, हा क्रम पटण्यासारखा आहे. नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा दिसलं की माफक प्रमाणात दोन्ही करणाऱ्या सामान्य माणसाचं ताकदीचं नुकसान फारच थोडं असतं. उसळत्या, स्फोटक ताकदीवर परिणाम थोडा जास्त होतो आणि दोन्ही सत्रं पाठोपाठ केली तर तो ठळक दिसतो.

उलट धावण्याला वजनांचा फायदा चांगलाच होतो. नॉर्वेतल्या 2008 च्या एका अभ्यासात धावपटूंनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा अर्धे स्क्वॉट केले. चार सेट, प्रत्येकात फक्त चार वेळा, पण जेमतेम चारच वेळा उचलता येईल एवढ्या वजनाने. त्याच वेगाला लागणारा ऑक्सिजन सुमारे 5 टक्क्यांनी कमी झाला. शरीराचं वजन वाढलं नाही. ‘मला जाड मांड्या नकोत’ म्हणून हलक्या वजनाने वीस-पंचवीस वेळा करणाऱ्यांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं. तेवढ्या आवर्तनांनी मिळणारा चिवटपणा धावण्यातून मिळतच असतो आणि वर थकवा मात्र पदरी पडतो. अर्थात जड वजनाकडे जायचं ते महिना-दोन महिने तंत्र पक्कं करून, जाणत्या ट्रेनरच्या नजरेखालीच.

आठवडा लावताना माझं मत ठाम आहे: कष्टाचे दिवस कष्टाचे, हलके दिवस खरोखर हलके. मंगळवारी सकाळी जोराचं धावणं आणि त्याच संध्याकाळी पायांची जिम. बुधवारी फार तर चालणं. गुरुवारी गप्पा मारता येतील एवढ्या वेगाने पळणं, हवं तर संध्याकाळी पाठ, खांदे, पोट. शुक्रवारी थोडंसं, शनिवारी सुट्टी, रविवारी लाँग रन. एकाच दिवशी दोन कष्टाची कामं म्हणजे जास्त होतंय असं वाटतं खरं, पण तीच दोन कामं मंगळवार-बुधवारात वाटली की गुरुवारच्या धावण्याआधी सावरायला सलग 36 तास मिळतच नाहीत.

सावरणं हा शब्द आपण एकच वापरतो, पण शरीरात त्याची घड्याळं निरनिराळी चालतात. रक्तातला द्रव व्यायाम सुरू केल्यावर काही दिवसांतच वाढतो, म्हणून नवख्याला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच पळणं सोपं वाटायला लागतं. स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, नीट जेवलं तर साधारण एका दिवसात भरतं, पण उताराने दुखावलेल्या स्नायूत ते हळू भरतं. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांचं काम त्याहून सावकाश. धावल्यावर पहिला दीड दिवस त्यांच्यातलं कोलॅजन हे बळकटी देणारं प्रथिन बनतं त्यापेक्षा मोडतं जास्त, भर पडायला लागते ती नंतर. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये टाचेच्या अकिलीस कंडरेचं वय मोजायला एक विलक्षण साधन वापरलं. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, झपाट्याने वाढला आणि नंतर उतरत गेला. अन्नावाटे तो त्या त्या काळात वाढणाऱ्या माणसांच्या शरीरात बसला. कंडरेच्या गाभ्यातला कार्बन-14 तपासल्यावर कळलं की साधारण 17 व्या वर्षानंतर तो गाभा जवळपास बदलतच नाही. चाळिशीत पहिली हाफ मॅरेथॉन पळणारा माणूस शाळा-कॉलेजच्या वयात घडलेल्या कंडरेवर पळत असतो. ती व्यायामाने ताठ आणि मजबूत होते, पण त्याला महिने लागतात.

हाडाचं तर आणखी वेगळं. ताण वाढला की पेशी आधी जुनं हाड कोरून काढतात आणि मग नवं भरतात. कोरणं काही आठवड्यांचं, भरणं काही महिन्यांचं. त्यामुळे तयारी सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की दम जोरात असतो, उत्साह टिपेला असतो आणि नडगीचं हाड मात्र नेमकं तेव्हा कच्चं असू शकतं. बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूत दुखणारी नडगी स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे ताणाने हाडाला पडणाऱ्या बारीक चिरेची, खूण असू शकते, तिच्यावर पळू नये आणि डॉक्टरांना दाखवावं. पक्ष्यांच्या पंखांच्या हाडांवर 1984 मध्ये झालेल्या प्रयोगात दिवसाला अवघे 36 ताण देऊनही हाड वाढलं, त्याहून पुष्कळ जास्त दिले तरी वाढ जास्त झाली नाही. हाडाच्या पेशींची दाद थोड्याच वेळात संपते आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर परत येते. जिममधल्या मोजक्या जड आवर्तनांच्या बाजूचा हा आणखी एक पुरावा.

आठवड्याला 10 टक्क्यांहून जास्त वाढ नको, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. डॅनिश संशोधकांनी 2025 मध्ये पाच हजारांहून अधिक धावणाऱ्यांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका धावण्यातली उडी जास्त महत्त्वाची ठरली. गेल्या 30 दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त अंतर एका दमात पळणाऱ्यांत दुखापती वाढलेल्या दिसल्या. बारा किलोमीटरवरून ग्रुपच्या आग्रहाने थेट अठरावर जाणं म्हणजे नेमकं हेच.

जेवणाचं थोडक्यात. वजनांच्या व्यायामाबरोबर रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिनं घेतली की त्यापुढे विशेष भर पडत नाही. 60 किलोच्या माणसाला हे सुमारे 96 ग्रॅम होतात. पोळी-भाजी-भातात ते सहज भरत नाहीत. उसळ, दही, दूध, पनीर, अंडी, मासे यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. साताऱ्याच्या तयारीचे कष्टाचे आठवडे बहुधा श्रावणात येतात. उपवास करणाऱ्यांनी लाँग रन उपवासाच्या दिवशी ठेवू नये. साबुदाण्यात पिष्ट भरपूर, प्रथिनं जवळपास नाहीत, म्हणून सोबत दही, दूध, शेंगदाणे घ्यावेत. बायकांसाठी एक गोष्ट फार कळकळीने सांगायची आहे. व्यायाम वाढवल्यावर पाळी लांबली किंवा थांबली, तर ती तंदुरुस्तीची खूण नव्हे. खाणं कमी पडतंय आणि हाडं झिजण्याची वाट मोकळी होते आहे, याचा तो इशारा असू शकतो. त्या वेळी अंतर कमी करून ताट वाढवायला हवं आणि डॉक्टरांशी बोलायला हवं.

बर्फाच्या पाण्यात बसण्याची टूम आता इथेही आली आहे. ऑस्ट्रेलियातल्या 2015 च्या अभ्यासात, वजनांच्या प्रत्येक व्यायामानंतर 10 अंशांच्या पाण्यात 10 मिनिटं बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद 12 आठवड्यांत कमी वाढली. दाह हा बांधणीचाच भाग असतो, तो दरवेळी दाबून टाकला की बांधणीही मंदावते. शर्यतीनंतर बरं वाटावं म्हणून खुशाल बसा, तयारीच्या काळात नको. त्याऐवजी तासभर लवकर झोपा. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा वाटा रात्रीच्या गाढ झोपेतच स्रवतो.

शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर 40 ते 60 टक्क्यांनी उतरवावं, पण धावण्याचे दिवस आणि वेग तसेच ठेवावेत. 2007 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालेली ही शिफारस अजून टिकून आहे. जिमच्या बाबतीत मी पायांचा शेवटचा जड व्यायाम शर्यतीच्या दहा दिवस आधी ठेवायला सांगतो. त्यानंतर एखादं हलकं सत्र चालेल, पण नवा कुठलाही व्यायाम नको, कारण अनोळखी हालचालच स्नायूला सर्वांत जास्त दुखावते. आणि शेवटचा मोठा उतार दोन-तीन आठवडे आधी पळून घ्यावा: तेवढ्यात दुखणं पूर्ण ओसरलेलं असतं आणि स्नायूला मिळालेलं संरक्षण टिकून असतं.