कांद्याची पात वाळतेय: करपा की फुलकिडे?

पात शेंड्याकडून पिवळी पडून मान टाकायला लागली की शिवारात एकच शब्द ऐकू येतो, 'करपा आला'. दुकानातून बुरशीनाशक येतं, पंप पाठीवर चढतो आणि आठवड्याने पाहावं तर पात आणखी वाळलेली. त्या शेतात बऱ्याचदा फुलकिडे असतात, ज्यांना आपण थ्रिप्स म्हणतो. उलटंही होतं: चट्टे करप्याचे आणि फवारा कीटकनाशकाचा. दोन्हींत शेवटी पात वाळते, कांदा बारीक राहतो. पण एक कीड आहे, दुसरा बुरशीचा रोग, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून पंप भरण्याआधी रोपाजवळ बसून पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पातींचा गाभा, पाहायला हवा.

फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा. पिल्लं फिकट पिवळी, प्रौढ पिवळसर तपकिरी. उभ्याने चालत शेत पाहिलं तर ते दिसत नाहीत, कारण त्यांचं ठाणं मधल्या कोवळ्या पातींच्या बेचक्यात असतं. त्या पाती अलगद फाकवा किंवा रोप वाकवून पांढऱ्या कागदावर झटका. हलणारे कण दिसले की शंका उरत नाही. हे किडे पात खरवडून रस शोषतात. रिकाम्या झालेल्या पेशींत हवा भरते, म्हणून पातीवर चंदेरी पांढरे ठिपके दिसतात. पुढे पात वाकडी होते, पिळवटते आणि शेंड्याकडून वाळत खाली येते. त्यात ठसठशीत असा चट्टा कुठेच नसतो.

जांभळ्या करप्यात मात्र चट्टाच सगळं सांगतो. सुरुवातीला लहान, किंचित खोलगट, पांढुरका डाग. मग त्याचा मधला भाग जांभळा होतो, भोवती पिवळी किनार येते आणि दमट हवेत आत एकात एक वर्तुळं उमटतात. चट्टा पातीभोवती पसरला की पात नेमकी तिथेच मोडते आणि वरचा भाग लोंबतो. सुरुवात सहसा बाहेरच्या जुन्या पातींवर होते. तपकिरी करपा उन्हाळ कांद्यावर जास्त दिसतो. त्याचे चट्टे लांबट, पिवळसर तपकिरी असतात आणि पातीच्या मधल्या भागात सुरू होतात.

हवामानावरूनही अंदाज बांधता येतो. कोरडी हवा आणि चढतं ऊन फुलकिड्यांना मानवतं. जानेवारीअखेरीपासून पुढे त्यांचा जोर असतो. करप्याला पात ओली लागते: ढगाळ दिवस, दव, धुकं, अवकाळी पाऊस.

खरी अडचण दोन्ही एकत्र आल्यावर होते. फुलकिड्यांनी खरवडलेल्या जागेतून बुरशीला आत शिरायला सोपं जातं, त्यामुळे किडीकडे दुर्लक्ष केलेल्या शेतात ढगाळ हवा आली की करपा झपाट्याने पसरतो. माझ्या मते कांद्यात फुलकिडे आटोक्यात ठेवणं हाच करप्यावरचा अर्धा इलाज आहे.

त्यासाठी राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने सुचवलेला साधा उपाय आहे: लागवडीच्या किमान ३० दिवस आधी शेताच्या कडेने मक्याच्या दोन ओळी, किंवा बाहेर मक्याची आणि आत गव्हाची एकेक ओळ पेरणं. उडून येणारे प्रौढ या कुंपणाशी अडतात. तुषार सिंचनाने पातीवरचे किडे धुऊन जातात, पण ढगाळ दिवसांत तीच ओल करप्याला पोसते, तेव्हा पाणी सकाळी द्यावं. नत्र भरमसाट दिलेली लुसलुशीत पात दोघांनाही आवडते. रोपामागे सुमारे ३० फुलकिडे ही फवारणीची पातळी मानतात. फिप्रोनिल किंवा प्रोफेनोफॉस लिटरला १ मिली चालतं, पण तेच औषध पुन्हा पुन्हा मारू नका, किडीला त्याची सवय होते. बियाण्याच्या प्लॉटमध्ये गोंडे फुललेले असताना कीटकनाशक टाळा; तेव्हा मधमाशी गेली तर बी भरत नाही.

करप्यासाठी मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम, पण ते चट्टे पडण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला. ते पातीच्या पृष्ठभागावर राहून काम करतं, आत शिरलेली बुरशी त्याने मरत नाही. रोग दिसायला लागल्यावर प्रोपिकोनॅझोलसारखं आंतरप्रवाही, म्हणजे पातीच्या आत शिरणारं, औषध लिटरला १ मिली. कांद्याची पात मेणचट आणि उभी, थेंब टिकत नाही, म्हणून दोन्ही फवाऱ्यांत स्टिकर, म्हणजे औषध पातीला चिकटवून ठेवणारं द्रावण, हवाच. औषधाच्या लेबलवरचं प्रमाण आणि काढणीआधीचं अंतर वाचल्याशिवाय झाकण उघडू नये.

ना ठिपके ना चट्टे, तरी पात मलूल? मग रोप उपटून पाहा. मुळं तपकिरी, तळ कुजलेला असेल तर ती जमिनीतली मर आहे, आणि पातीवर मारलेलं औषध तिथे पोहोचत नाही. पाणी तोडा, निचरा करा, कुजलेली रोपं शेताबाहेर काढा. आणि कांदा पोसल्यावर काढणीच्या सुमारास माना आपोआप पडू लागल्या, तर काही फवारू नका. निम्म्या माना पडल्या की काढणीला लागा.