नेट परीक्षा: अर्जाची पात्रता आणि निकालाचे गणित

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून थेट नेमणूक हवी असेल, तर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) यांपैकी एक परीक्षा उत्तीर्ण असणे ही १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार किमान अट आहे. यांपैकी नेट ही परीक्षा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वतीने एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांसाठी घेते.

अर्जासाठी पदव्युत्तर पदवीला खुल्या आणि आर्थिक दुर्बल गटातील उमेदवारांना किमान ५५ टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमीलेयर इतर मागास वर्ग, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५० टक्के गुण लागतात. येथे अपूर्णांक वर ओढला जात नाही; ५४.९ म्हणजे ५५ नव्हे. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, मात्र निकालाच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत आवश्यक टक्केवारीसह पदवी पूर्ण करावी लागते. जून २०२४ च्या सत्रापासून ७५ टक्के गुणांसह चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांनाही परीक्षा खुली झाली आहे, पण त्यातून सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळत नाही. त्या पदासाठी कमाल वयाची अट नाही. जेआरएफसाठी (संशोधनासाठीची कनिष्ठ शिष्यवृत्ती) मात्र ती ३० वर्षे असून महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे.

महाराष्ट्रातील उमेदवारांची खरी गफलत प्रवर्गाच्या रकान्यात होते. इतर मागास वर्गाचा लाभ फक्त केंद्रीय यादीतील जातींना मिळतो. राज्याच्या यादीत नाव आहे पण केंद्राच्या यादीत नाही, अशा उमेदवाराने खुला गटच निवडायचा असतो, आणि मग ५० नव्हे तर ५५ टक्क्यांची अट लागते. म्हणून प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या नमुन्यातले आहे ना, हे अर्ज उघडण्यापूर्वी पाहून घ्यावे. नावाचेही तसेच: दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधार कार्डावर शेवटी, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आहे. अर्जात एक क्रम आणि ओळखपत्रावर दुसरा असे होऊ देऊ नये.

परीक्षा सलग तीन तासांची, संगणकावर होते. पहिल्या पेपरात अध्यापन व संशोधन क्षमतेवर ५० प्रश्न, दुसऱ्यात निवडलेल्या विषयावर १००. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, एकूण ३००. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडण्यात काहीच शहाणपण नाही. भाषा विषय वगळता प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते.

आता सर्वाधिक गैरसमजाचा भाग. दोन्ही पेपर मिळून खुल्या गटाला ४० टक्के, म्हणजे १२० गुण, आणि राखीव गटांना ३५ टक्के, म्हणजे १०५ गुण मिळाले की उमेदवार पास झाला, असे अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात एवढ्याने तो फक्त विचारात घेतला जातो. दोन्ही पेपर दिलेल्या एकूण उमेदवारांच्या ६ टक्के इतक्याच जागा पात्रतेसाठी असतात. त्या आधी आरक्षणानुसार प्रवर्गांत आणि नंतर विषयांत वाटल्या जातात. समजा, एका प्रवर्गाच्या वाट्याला ५,००० जागा आल्या, त्या प्रवर्गातील किमान गुण मिळवणारे सर्व विषयांत मिळून ५०,००० आहेत आणि त्यांतील ३०० मराठी विषयाचे आहेत. मग मराठीला ३० जागा येतील आणि तिसाव्या उमेदवाराचे गुण हाच त्या प्रवर्गाचा मराठीतला कटऑफ ठरेल. म्हणूनच मित्राच्या विषयाचा कटऑफ पाहून आपला अंदाज बांधण्यात अर्थ नसतो. एखाद्या विषयाची परीक्षा अनेक पाळ्यांत (शिफ्टमध्ये) झाली असेल तर मूळ गुणांऐवजी पर्सेंटाइल धरले जाते, म्हणजे त्याच पाळीतील किती टक्के उमेदवारांचे गुण तुमच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, ते पाहिले जाते.

निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह सहायक प्राध्यापक, पीएचडी प्रवेशासह सहायक प्राध्यापक, आणि केवळ पीएचडी प्रवेश. दुसऱ्या व तिसऱ्या गटातील उमेदवारांच्या पीएचडी प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि त्यासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला मात्र मुदत नाही.