फॉल्ट किती लांब, किती वेगाचा आणि शेवटचा कधी सरकला

कॅलिफोर्नियात वॉलेस क्रीक नावाचा एक ओढा आहे, तो डोंगरावरून सरळ खाली येतो आणि सॅन अँड्रियास फॉल्टवर (फॉल्ट म्हणजे जमिनीतली अशी भेग जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात) पोचला की एकदम काटकोनात वळतो, फॉल्टच्या कडेकडेनं 130 मीटर जातो आणि मग परत आपल्या वाटेनं निघतो. आधी तो सरळच वाहायचा, पण फॉल्टच्या दोन बाजूंची जमीन विरुद्ध दिशांना सरकत गेली आणि ओढा ताणला गेला. तिथल्या गाळात सापडलेल्या कोळशाचं कार्बन डेटिंग करून कळलं की एवढं सरकायला साधारण 3700 वर्षं लागली, म्हणजे वर्षाला जेमतेम 35 मिलीमीटर.

पण फॉल्ट दरवर्षी थोडाथोडा सरकतोच असं नाही ना. बऱ्याच ठिकाणी खडक एकमेकांत अडकून बसतात, आजूबाजूची जमीन वाकत राहते आणि हिशोब थकबाकीसारखा साठत जातो, 100 वर्षं अडकून बसला तर साडेतीन मीटर, आणि मग ती सगळी वसुली काही सेकंदांत होते. 1906 च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर अमेरिकी भूशास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी हे गणित मांडलं. याच सॅन अँड्रियासचा मधला एक भाग मात्र हळूहळू घसरत राहतो आणि तिथे ताण फारसा साठत नाही, म्हणून नुसता वेग बघून चालत नाही, फॉल्ट अडकलाय की घसरतोय हे जीपीएसनं मोजावं लागतं.

भूकंप किती मोठा होईल हे मुख्यतः किती लांबीचा फॉल्ट एका दमात तुटतो त्यावर ठरतं. ढोबळमानानं 10 किलोमीटर तुटला तर मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपाच्या आकाराचा आकडा, 6.2 च्या आसपास, 100 किलोमीटर तुटला तर 7.4. आकड्यात फरक थोडाच दिसतो पण मॅग्निट्यूड एकानं वाढलं की ऊर्जा जवळपास 32 पट होते! मात्र फॉल्ट आपापल्या टोकाला थांबतात हे गृहीत धरणं धोक्याचं आहे, 2016 मध्ये न्यूझीलंडच्या कायकोउराला एकाच भूकंपात डझनाहून जास्त फॉल्ट तुटले.

मला यातलं सगळ्यात आवडतं काम म्हणजे जुने भूकंप शोधणं. फॉल्टवर आडवा चर खणायचा आणि भिंतीतले मातीचे थर बघायचे, खालचे थर तुटलेले दिसतात आणि वरचा अखंड असतो, म्हणजे भूकंप या दोघांच्या मधल्या काळात कधीतरी झाला, मग त्या थरांतली पानं, बिया, लाकूड यांचं वय काढायचं. न्यूझीलंडच्या अल्पाइन फॉल्टवर होकुरी क्रीकला असाच गाळ वाचून 8000 वर्षांतले 24 मोठे भूकंप सापडले, सरासरी 330 वर्षांना एक, आणि शेवटचा झाला 1717 ला.

म्हणजे आता आलाच का? तसं नाही. सरासरी 330 असली तरी काही वेळा दीडशेच्या आत आलाय आणि काही वेळा पाचशे वर्षंही थांबलाय, म्हणून तारीख सांगता येत नाही, पुढच्या 50 वर्षांत येण्याची शक्यता साधारण 75 टक्के एवढंच सांगतात. सॅन अँड्रियासवरच्याच कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला 1857 पासून साधारण 22 वर्षांनी भूकंप यायचा, म्हणून 1988 च्या सुमाराला, फार तर 1993 पर्यंत येईल असं जाहीर केलं होतं, तो आला 2004 ला. लोकांना तारीख हवी असते, पण इंजिनिअरला त्याहून जास्त उपयोगी पडतं ते जमीन किती सरकेल हे.

अलास्कातली तेलाची पाइपलाइन देनाली फॉल्ट ओलांडते. 1970 च्या दशकात ती बांधताना भूशास्त्रज्ञांनी सांगितलं की इथे जमीन 6 मीटरपर्यंत आडवी सरकू शकते, म्हणून त्या जागी पाइप जमिनीत पुरला नाही, नागमोडी करून लांब आडव्या बीमांवर ठेवला आणि खाली टेफ्लॉनचे बूट बसवले, म्हणजे गरज पडली तर तो सरकेल. 3 नोव्हेंबर 2002 ला 7.9 चा भूकंप झाला, पाइपखाली जमीन 4 मीटरहून जास्त सरकली, काही आधार मोडले, पाइप बीमांवरून घसरला पण फुटला नाही आणि तेल सांडलं नाही.