नासिका निर्देशांक

नाकाच्या रुंदीला उंचीने भागून १०० ने गुणले की जो आकडा येतो तो नासिका निर्देशांक. उंची मोजायची ती भुवयांमधल्या खाचेपासून नाकाच्या बुडापर्यंत आणि रुंदी दोन्ही नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांमधली. ७० च्या आत अरुंद, ७० ते ८५ मध्यम आणि त्यापुढे रुंद नाक, अशी वर्गवारी एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच मानवशास्त्रज्ञांनी रूढ केली. भारतात मात्र या साध्या मापावर जातिव्यवस्थेचा सगळा उगम तोलला गेला.

हे काम केले हर्बर्ट रिझली या सनदी अधिकाऱ्याने. १८८५ पासून बंगालमध्ये त्याने जातिजमातींची पाहणी केली, हजारो लोकांची नाके-डोकी मोजवली आणि निष्कर्ष काढला की ज्या जातीचे नाक जितके रुंद, तितके तिचे सामाजिक स्थान खालचे. उच्च जाती म्हणजे आर्य, खालच्या म्हणजे द्राविड. जात व्यवसायातून घडली असे म्हणणारे नेसफिल्डसारखे अधिकारीही त्या काळी होते, पण १९०१ च्या जनगणनेची सूत्रे रिझलीकडे आली आणि त्याचेच म्हणणे सरकारी झाले. त्याने देशातल्या लोकांचे सात वंशप्रकार पाडले. मराठी ब्राह्मण आणि कुणबी ‘शक-द्राविड’ ठरले, म्हणजे मध्य आशियातून आलेले शक आणि द्राविड यांच्या मिश्रणातले. पश्चिम भारतात शक क्षत्रपांनी राज्य केले होते हे खरे, पण इथली रुंद डोकी त्यांच्याकडूनच आली हा नुसता तर्क होता.

गंमत अशी, की या सिद्धांताला छेद दिला तो अशाच मापांनी. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात उपलब्ध आकडे प्रांतवार पुन्हा तपासले. संयुक्त प्रांतात (आजच्या उत्तर प्रदेशात) नाक आणि जातीचे स्थान यांत काहीसा मेळ दिसला, इतरत्र नाही. मुंबई इलाख्यात तर देशस्थ ब्राह्मण हा चित्पावनापेक्षा सोनकोळ्याला अधिक जवळचा निघाला, आणि त्याच्या पाठोपाठ महार व कुणबी! उच्चकुलीन मराठे, शेणवी हे त्यानंतर. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमावरच्या १९४८ च्या ग्रंथात हीच मापे पुढे केली: ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ते द्राविड असतील तर हेही द्राविड. अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही, हा त्यांचा मुद्दा. विरोधकाचेच माप घेऊन त्याचा हिशेब चुकता करण्याचे इतके नेटके उदाहरण विरळाच.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनीही शरीरे मोजण्याच्या याच शास्त्राचे शिक्षण घेतले होते, तेही बर्लिनमध्ये, वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असे त्यांनी १९३० च्या प्रबंधात मांडले. ते मार्गदर्शकाच्या अपेक्षेच्या उलट होते. अनेक मापे एकत्र धरून दोन समूह एकमेकांपासून किती वेगळे हे सांगणारे, संख्याशास्त्रात आज जगभर वापरले जाणारे महालनोबिस अंतरही याच मापामापीतून जन्मले. १९२० साली नागपूरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मापे विश्लेषणासाठी संख्याशास्त्रज्ञ प्र. चं. महालनोबिस यांच्याकडे सोपवली, तिथून ही वाट निघाली.

नाकांत फरक का, याचे उत्तर बरेचसे हवामानात आहे. आत येणारी हवा फुप्फुसांत जाण्यापूर्वी नाक तिला उबदार आणि दमट करते. थंड, कोरड्या प्रदेशात अरुंद नाक हे काम चांगले करते; उष्ण, दमट प्रदेशात तशी गरज नसते. नाकाची रुंदी तापमान-आर्द्रतेशी जुळते हे १९२३ मध्येच दाखवले गेले, आणि २०१७ च्या एका अभ्यासाने नाकपुड्यांच्या रुंदीबाबत त्याला दुजोरा दिला. म्हणजे हे माप पूर्वज कोणत्या हवेत राहिले याबद्दल थोडेफार सांगते. ते कोणत्या वंशाचे, हे सांगत नाही. शिवाय नाकाच्या घडणीत अनेक जनुकांचा वाटा असतो, त्यामुळे सख्ख्या भावंडांची नाकेही वेगळी असतात. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवले की मानवातली सुमारे ८५ टक्के जनुकीय विविधता एकेका लोकसमूहाच्या आतच सापडते. २०१३ च्या जनुकीय अभ्यासानुसार भारतातले बहुतेक समूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी एकमेकांत मिसळले आणि जातीतच लग्न करण्याची रीत त्यानंतर घट्ट झाली.

आफ्रिकेत रवांडामध्ये बेल्जियन राज्यकर्त्यांनी हुतू आणि तुत्सी या तिथल्या दोन समाजांची नाके मोजून त्यांना वेगळे वंश ठरवले आणि ओळखपत्रांवर तशी नोंद केली. १९९४ च्या नरसंहारात नाक्यानाक्यावर हीच नोंद तपासली जात होती. आता नासिका निर्देशांक मुख्यतः नाकाच्या शस्त्रक्रियेत आणि न्यायवैद्यकात वापरला जातो.