बदाम सात

बदाम सात हा 52 पानांच्या कॅटवर (जोकर बाजूला काढून) साधारण तीन ते सहा जणांनी खेळायचा पत्त्यांचा खेळ. यात हात करायचे नसतात, हुकूम नसतो, मधोमध बदाम, चौकट, किल्वर, इस्पिक अशा चार ओळी लावत जायच्या आणि ज्याची पानं आधी संपतील तो जिंकला. ज्याला आकडे ओळखता येतात आणि मागचा-पुढचा आकडा सांगता येतो असं कुठलंही मूल हा खेळू शकतं, म्हणून मुलांना पत्ते शिकवायला सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

उगमाबद्दल तीन मतं दिसतात. इंग्रजीत याला फॅन टॅन असंही नाव आहे, त्यावरून हा चीनमधून आला असं काही जण मानतात, पण चिनी फॅन टॅन हा जुगार आहे, त्यात बटणांसारख्या बारीक वस्तू वाटीखाली झाकून मग चार-चार करत बाजूला काढतात आणि शेवटी किती उरतील यावर पैसे लावतात, पत्त्यांचा त्यात संबंधच नाही, त्यामुळे हे मत फारसं टिकत नाही. दुसरं मत डॉमिनोचं, म्हणजे ठिपक्यांच्या सोंगट्यांच्या खेळाचं. युरोपात 18व्या शतकात डॉमिनो रूढ झाला आणि टोकाला टोक जुळवत जायची त्याची मांडणी पत्त्यांवर उतरली, असं म्हणतात. तिसरं मत असं की हा खेळ ‘ओळ अडली की थांबा’ या जुन्या कुळातला आहे. या कुळात पोख हा जुना जर्मन पत्त्यांचा खेळ येतो, ज्याची 1441 ची स्ट्रासबुर्गमधली नोंद सांगतात, आणि इंग्लंडमधला पोप जोनही येतो. पोप जोनमध्ये चौकटची अठ्ठी आधीच कॅटमधून काढून टाकतात, त्यामुळे चौकटची सत्ती पडली की ओळ तिथेच थांबते. बदाम सातमध्ये एकही पान काढत नाहीत, इथे ओळ थांबते ती कोणीतरी पान दाबून बसल्यामुळे. मांडणी डॉमिनोवरून आली असणं शक्य आहे, पण खेळाचा जीव अडवण्यात आहे म्हणून तिसरं मत जास्त पटण्यासारखं आहे.

काळाबद्दल जपूनच बोलावं लागतं. युरोपात पत्ते 1370 च्या दशकात दिसायला लागतात. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयातल्या ममलूक (इजिप्तच्या जुन्या सुलतानांच्या काळातल्या) कॅटवर पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या आहेत, बदाम नाहीच. आपल्या ओळखीचे चार रंग फ्रान्समध्ये साधारण 1480 च्या सुमारास रूढ झाले, तेव्हा आजच्या रूपातला खेळ त्यानंतरचाच असावा. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी सुरुवात चौकटच्या सत्तीने करतात. जपानमध्ये याला शिचिनाराबे म्हणतात, तिथे चारही सत्त्या आधीच मांडून टाकतात आणि पास किती वेळा म्हणायचं यावरही बहुधा मर्यादा असते.

नियम थोडकेच. पत्ते पिसून सगळे वाटायचे, बदाम सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने ती टाकायची, पुढच्याने बदामाची छक्की किंवा अठ्ठी किंवा दुसरी एखादी सत्ती, अशा ओळी खाली एक्क्यापर्यंत आणि वर राजापर्यंत न्यायच्या. लागणारं पान नसेल तरच पास, असेल तर टाकलंच पाहिजे. तिघांत वाटले तर एकाला 18 आणि दोघांना 17 पानं येतात, तेव्हा कमी पानं सगळ्यात लहान मुलाला द्यावीत.

खरी गंमत आहे ती कुठलं पान आधी सोडायचं यात. समजा हातात चौकटची सत्ती, राणी, राजा आहेत आणि इस्पिकची नुसती सत्ती आहे, बाकी इस्पिक एकही नाही. टाकता दोन्ही सत्त्या येतात, पण टाकायची चौकटचीच, कारण आपले राणी-राजा बाहेर पडायला आधी अठ्ठीपासून गुलामापर्यंत चार पानं लागायला हवीत आणि ती दुसऱ्यांकडे आहेत. इस्पिकची सत्ती मात्र दाबली की त्या रंगाची उरलेली बाराही पानं समोरच्यांच्या हातात अडकून पडतात.

लहान मुलांना हे दाबणं पहिल्याच दिवशी दाखवू नये. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सतत पास म्हणावं लागलं की ते रडकुंडीला येतं, आणि मोठ्यांनी मुद्दाम अडवलंय हे कळलं तर खेळच सोडून देतं. पहिले काही डाव सगळ्यांनी पानं उघडी मांडून खेळावेत, म्हणजे असलेलं पान न दिसून उगाच पास म्हटला जात नाही आणि कोणाचं काय अडलंय हे मुलांना आपोआप दिसतं, मग दाबायचं कसं हे त्यांचं त्यांनाच सुचतं. छोट्या हातात 13 पानं मावत नाहीत, तर गुलाम-राणी-राजा काढून 40 पानांवर, सत्तीऐवजी बदाम पंजीपासून सुरुवात करावी.

गुण मोजायचेच असतील तर शेवटी हातात उरलेली पानं मोजतात, किंवा एक्क्याला 1 पासून राजाला 13 पर्यंत धरून बेरीज करतात, आणि ज्याची बेरीज जास्त त्याने पुढचा डाव पिसायचा.