समुपदेशन, बालन्याय संस्थांतील

कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलामुलींना निरीक्षणगृह, विशेषगृह किंवा सुरक्षित स्थान अशा बंदिस्त संस्थेत ठेवले असता त्यांचे मनःस्वास्थ्य, वर्तन, व्यसनमुक्ती आणि घरी परतण्याची तयारी यांसाठी प्रशिक्षित व्यक्तीने केलेले काम. ते करणाऱ्यास समुपदेशक म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ व चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बहुधा बाहेरून, ठरावीक वारी येतात. समुपदेशक संस्थेच्याच कर्मचारीवर्गात मोडतो. त्याच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात. प्रस्तुत नोंद भारतातील, त्यातही जुना मुंबई इलाखा व महाराष्ट्र येथील परंपरेपुरती आहे.

संज्ञा : ‘बालगुन्हेगार’ हा शब्द जुन्या मराठी लेखनात सर्रास आढळतो. बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ३ मध्ये मुलाला कलंक लावणारी भाषा टाळावी असे तत्त्व दिले आहे. शासकीय मराठीत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. तो जड आहे खरा, पण त्यात मूल दोषी ठरवून टाकलेले नाही. संस्थेचे नाव लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘रिमांड होम’च आहे. ‘ऐकलं नाहीस तर रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी महाराष्ट्रातील कितीतरी मुलांनी लहानपणी ऐकलेली असते, आणि संस्थेच्या दारात उभे राहणारे मूल ती सोबत घेऊनच येते.

उगम : भारतातील बालसुधारणेचा आरंभ सांगताना अनेक पाठ्यपुस्तके १८४३ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस यांनी अनाथ व भटक्या मुलांसाठी ‘रॅगेड स्कूल’ काढल्याचे नमूद करतात. कॉर्नवॉलिस १८०५ मध्ये गाझीपूर येथे मरण पावले व त्यांची कबरही तेथेच आहे. तेव्हा हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेलेली ही चूक असावी. अधिक भक्कम आधार आहे तो मुंबईच्या ‘स्कूल ऑफ इंडस्ट्री’ला. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी १८५० च्या सुमारास ती सुरू केली; पुढे डेव्हिड ससून यांच्या देणगीतून तिला ‘डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल’ हे आजचे नाव मिळाले. स्थापनावर्ष म्हणून सामान्यतः १८५७ दिले जाते, ते या नामांतराच्या टप्प्याचे समजावे. १८५० चा अप्रेंटिसेस अधिनियम व १८७६ आणि १८९७ चे रिफॉर्मेटरी स्कूल्स अधिनियम याच काळातील. या साऱ्यांत मुलाला धंदा शिकवण्यावर भर होता. त्याच्याशी बोलण्याची कल्पना त्यांत नव्हती.

बोलण्याची कल्पना कोठून आली हा खरा वादाचा भाग. एका मांडणीनुसार आजचा समुपदेशक हा परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) वारस आहे. अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील तुरुंग समितीने (१९१९–२०) मुलांसाठी वेगळी न्यायालये सुचवली. त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) येथे बालक अधिनियम झाले. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि डोंगरीच्या उमरखाडी भागातील जुन्या तुरुंगाच्या आवारात मुलांसाठी गृह आले. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ मध्ये १०१ दिवस काढले तो हाच डोंगरीचा तुरुंग. मुलाच्या घरी जाणे, आईबापांना भेटणे, न्यायालयाला अहवाल देणे ही परिविक्षा अधिकाऱ्याची कामे येथूनच रुळली.

दुसरी मांडणी बालमार्गदर्शन चिकित्सालयाकडे बोट दाखवते. शिकागो येथे १८९९ मध्ये पहिले बालन्यायालय सुरू झाले आणि १९०९ मध्ये त्याच्या जोडीला विल्यम हीली या वैद्याचे चिकित्सालय उभे राहिले. गुन्ह्याचा प्रकार बाजूला ठेवून एकेका मुलाचा स्वतंत्र अभ्यास करावा, हा हीली यांचा आग्रह. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आले, नागपाड्यात त्यांनी वस्तीकेंद्र चालवले, आणि तेथेच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय (पुढे टाटा समाजविज्ञान संस्था) सुरू झाले. या विद्यालयाचे बालमार्गदर्शन चिकित्सालय १९३७ चे. ते भारतातील पहिले मानले जाते. शिकागोचा हा धागा सूचक आहे, पण त्यावर फार भार टाकणे बरे नव्हे. तरीही आजच्या समुपदेशकाच्या कामाची पद्धत (बंद दाराआड भेट, खेळ व चित्रे, मुलाचा इतिहास, पालकांची वेगळी बैठक) पाहता दुसरी मांडणी अधिक जुळते. पहिलीतून आला तो अहवाल. दोन्ही वारसे एकाच टेबलावर आल्यामुळे काय होते, ते पुढे पाहू.

कायदेशीर चौकट : १९६० चा बालक अधिनियम केंद्रशासित प्रदेशांपुरता होता. शीला बारसे या पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये तुरुंगांतील मुलांबाबत आदेश दिले. त्याच वर्षी देशव्यापी बालन्याय अधिनियम झाला. त्यात मुलासाठी वय १६ आणि मुलीसाठी १८ असे होते. २००० च्या अधिनियमाने दोघांना १८ केले. सध्याचा २०१५ चा अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात निरीक्षणगृह (कलम ४७) हे चौकशी चालू असलेल्यांसाठी, विशेषगृह (कलम ४८) हे आदेश झालेल्यांसाठी, तर सुरक्षित स्थान (कलम ४९) हे मुख्यत्वे १८ वर्षे ओलांडलेल्यांसाठी आणि गंभीरतम आरोप असलेल्या १६ ते १८ वयाच्या मुलांसाठी आहे. २००९-१० पासूनच्या केंद्रीय बालसंरक्षण योजनेतून, म्हणजे आजच्या मिशन वात्सल्यमधून, संस्थांना समुपदेशकाचे पद मिळते. पद बहुधा कंत्राटी व मानधनावर असते. समाजकार्य किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी ही नेहमीची पात्रता. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने ‘वर्तनआरोग्य विज्ञान’ हा व्यवसायगट मान्य केला, त्यात समुपदेशक व समाजकार्यकर्ते येतात.

प्रत्यक्ष काम : कलम १२ प्रमाणे जामीन हा नियम आहे. त्यामुळे निरीक्षणगृहातील पुष्कळ मुले काही दिवसांत किंवा आठवड्यांत बाहेर जातात. दहा बैठकांचा आराखडा कागदावर शोभतो, हाती मात्र दोन किंवा तीन बैठका लागतात. म्हणून अनुभवी समुपदेशक प्रत्येक बैठक शेवटचीच आहे असे धरून चालतात.

पहिल्या भेटीत मूल खुर्चीच्या कडेवर बसते. पाय दाराकडे वळलेले असतात. बाह्या खाली ओढलेल्या असल्या तर मनगटाच्या वर ब्लेडचे आडवे व्रण असू शकतात, जुने पांढरे आणि नवे तांबूस. त्यांबद्दल लगेच विचारायचे नसते, पण नजर चुकवायचीही नसते. त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘मॅडम, माझी तारीख कधी आहे?’ तारीख ठाऊक असली तर सांगावी, नसली तर संध्याकाळपर्यंत विचारून ठेवते म्हणावे आणि खरोखर विचारून ठेवावी. या एका शब्दाला जागण्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. त्या दिवशी तारीख कळली नाही तर दुसऱ्या भेटीत मूल फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच बोलते.

गुन्ह्याविषयी पहिल्या बैठकीत विचारू नये, हा या क्षेत्रातील जुना दंडक. झोप, जेवण, घरी कोणाला कळवले, कोणाची आठवण येते, संस्थेत कोणी त्रास देते का, यांपासून आरंभ होतो. दोरीवर गाठी मारून आयुष्यातील बऱ्यावाईट घटना दाखवणे, कुटुंबाचा आराखडा काढणे, चेहऱ्यांच्या चित्रांवरून भावना ओळखणे ही साधने मराठी, हिंदी किंवा बंगाली कोणतीही भाषा बोलणाऱ्या मुलाशी चालतात. तंबाखू व गुटखा एकाएकी सुटल्याने पहिल्या आठवड्यात चिडचिड आणि मारामाऱ्या वाढतात. रुमालावर व्हाइटनर किंवा पंक्चरचे ‘सोल्यूशन’ घेऊन हुंगणाऱ्यांची झोप उडते. कर्मचारी याला ‘मस्ती’ म्हणतात. समुपदेशकाने तिथे काळजीवाहकाला बाजूला घेऊन हे व्यसन सुटतानाचे त्रास आहेत हे समजावणे, हे मुलाबरोबरच्या बैठकीइतकेच मोलाचे काम आहे. कारण रात्री मुलाजवळ काळजीवाहकच असतो. आत्मघाताचा धोका संस्थेतील पहिल्या रात्री आणि बालन्याय मंडळापुढे (अशा मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या मंडळापुढे) जामीन नाकारला गेल्याच्या संध्याकाळी विशेष जपावा लागतो. समुपदेशकाची ड्युटी मात्र बहुधा त्याआधी संपलेली असते.

मापनसाधने व प्राथमिक मूल्यनिर्धारण : २०१५ च्या अधिनियमातील कलम १५ ने या व्यवसायावर नवेच ओझे टाकले. १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा, आरोप असेल तर त्याची तो गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि परिस्थिती यांचे मूल्यनिर्धारण मंडळाने करायचे असते. त्यावरून त्याला प्रौढ मानून खटला चालवायचा का, हा प्रश्न पुढे येतो. मंडळ त्यासाठी अनुभवी मानसशास्त्रज्ञाची वा मनोसामाजिक कार्यकर्त्याची मदत ‘घेऊ शकेल’ असे कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ च्या निकालात, मंडळावर बालमानसशास्त्र वा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल तर ही मदत घेणे बंधनकारक ठरवले. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये आली. मूल्यनिर्धारणासाठीची तीन महिन्यांची मुदत बंधनकारक नसून निर्देशात्मक आहे, असे न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले.

या कामी बुद्धिमापन कसोट्या वापरण्याचा प्रघात पडला आहे. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने कसोटीचे मराठी व कन्नड मुलांसाठी केलेले रूपांतर (१९३४) ‘बिने-कामत’ म्हणून आजही चालते. नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी वेक्स्लर यांच्या बालकसोटीचे भारतीय रूप १९६९ मध्ये सिद्ध केले. दोन्ही कसोट्या या भूमीतल्या मुलांवर घासून घेतलेल्या आहेत, हे त्यांचे मोठेपण. पण मॅलिन कसोटीचा वयोगट ६ ते १५ वर्षांचा आहे आणि कलम १५ लागते ते १६ वर्षांपुढच्यांना. म्हणजे ज्या वयासाठी ती हवी, नेमक्या त्याच वयासाठी ती बनलेली नाही. दुसरे, बुद्ध्यंक ९५ आला याचा अर्थ मुलाला बेरीज-वजाबाकी व शब्दार्थ साधारण येतात. चार मित्र चिथावत असताना परिणामांचा विचार त्याच्या मनात टिकला का, हे त्या आकड्यातून दिसत नाही. या आकड्यावरून मुलाला प्रौढांच्या खटल्यात ढकलणे अन्यायाचे आहे. अमेरिकेत संस्थेत दाखल होताना ‘मेसी-२’ ही ५२ हो-नाही प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. तिचा हेतू मर्यादित आहे : तातडीची मदत कोणाला लागेल ते हेरणे. तिचा निकाल निवाड्यासाठी वापरायचा नसतो.

विश्वास व अहवाल : परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत मंडळाकडे जातो. त्यात आणि वैयक्तिक काळजी योजनेत समुपदेशकाची निरीक्षणे उतरतात. कलम ९९ नुसार हे अहवाल गोपनीय असले, तरी मंडळ ते वाचणारच. शिवाय जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात (२०२३) वकील-अशील संभाषणाला जे संरक्षण आहे ते समुपदेशकाशी झालेल्या बोलण्याला नाही. मुलाने रडत सांगितलेली गोष्ट साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत जाऊ शकते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो अधिनियमाच्या कलम १९ नुसार ती कळवणे सक्तीचेच आहे, आणि ते योग्यही आहे.

म्हणून पहिल्याच बैठकीत मुलाला कळेल अशा भाषेत सांगावे लागते : तू स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार असशील, तुझ्यावर कोणी अत्याचार केला असेल, तर मला सांगावे लागेल, मंडळाला मी काय लिहिणार ते आधी तुला वाचून दाखवीन. हे वाचून दाखवणे नियमात लिहिलेले नाही, पण जे समुपदेशक ते करतात त्यांच्यापुढे मुले बोलतात. मूल्यनिर्धारण करणारी व्यक्ती आणि आधार देणारी व्यक्ती वेगळी असावी, असा आग्रह धरला पाहिजे. एकाच व्यक्तीकडे दोन्ही कामे देणाऱ्या संस्थेत मूल पहिल्या आठवड्यातच गप्प बसायला शिकते.

मुलींच्या संस्थांत संख्या कमी असते. तेथे पळून जाऊन केलेले लग्न, गर्भारपण आणि घरच्यांनी पाठ फिरवणे हे प्रश्न अधिक पुढे येतात. 

सुटकेनंतर : कलम ४६ प्रमाणे १८ वर्षांनंतर संस्था सोडणाऱ्यास २१ वर्षांपर्यंत अनुरक्षण-मदत मिळू शकते. कलम २४ ने दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर केली आहे. १६ वर्षांवरील ज्या मुलाबाबत बालन्यायालयाने प्रौढ म्हणून निर्णय दिला त्याला मात्र हा लाभ नाही. इतरांच्या दोषसिद्धीच्या नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा २०१६ च्या आदर्श नियमांनुसार सात वर्षे, जपून मग नष्ट करायच्या असतात. समुपदेशकाची वही दोषसिद्धीची नोंद नव्हे. पण कलम ३ मधील ‘नवी सुरुवात’ या तत्त्वानुसार विशेष परिस्थिती वगळता मुलाच्या सर्वच जुन्या नोंदी पुसल्या जाव्यात असे आहे, आणि त्या वहीत आरोपपत्रापेक्षा कितीतरी अधिक लिहिलेले असते. ती वेगळ्या कुलपात ठेवणे आणि मुदत संपताच इतर कागदांबरोबर नष्ट करणे हेही समुपदेशकाचेच काम मानावे.